शेजारच्या बुलेटचा फटाका आणि आपली फुटकी मोपेड

वाचकाचं पत्र, थोडं छोटं करून:

"नमस्कार दादा, आम्ही साताऱ्यात रो हाउसमध्ये राहतो. समोरच्या घरातला मुलगा कॉलेजला आहे, त्याने दिवाळीत बुलेट घेतली आणि महिन्याभरात तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. रात्री अकरा साडेअकराला येतो, गल्लीच्या तोंडाशी दोनतीनदा फटाका फोडतो आणि मग घरात जातो. सासूबाईंना बीपी आहे, त्या दचकून उठतात, नातू रडत उठतो. परवा यांनी त्याच्या वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, बुलेटचा आवाज असाच असतो, पोलिसांनी एकदा पावती केली होती ती आम्ही भरलीय, पीयूसी पण आहे, आणि आधी तुमच्या मोपेडचं बघा. खरं सांगायचं तर यांच्या मोपेडचा सायलेन्सर गंजून फुटलाय आणि पहाटे साडेपाचला दूध घालायला निघतात तेव्हा ती पण फटफटते. आता तक्रार करायची की नाही? आमच्यावरच उलटेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर ५५ डेसिबल का ४५ डेसिबलचा नियम फिरतोय, तो दाखवायचा का? — एक वाचक, सातारा"

ताई, तुमचं पत्र वाचताना मोपेडपाशी आलो आणि हसू आलं, माफ करा. रोज इतकी पत्रं येतात पण स्वतःच्या घरातली गोष्ट न लपवता लिहिणारे फार कमी, म्हणून सरळच सांगतो. तक्रार करता येते, करायला हरकत नाही, कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त आधी मोपेड. ह्या आठवड्यातच. कारण शेजारच्या काकांनी चार मुद्दे मांडले त्यातले तीन फुसके आहेत पण चौथा बरोबर लागलाय, आणि तुम्ही पोलीस चौकीत जाल तेव्हा ते तोच पहिला काढणार.

एकेक घेऊ.

"बुलेटचा आवाज असाच असतो." नसतो हो. मी तीस वर्षं गाड्यांच्या मागेच घालवलीत, कंपनीतून निघालेली बुलेट धडधड करते, तिचा एक जड ठोका असतो, पण त्याने कोणी झोपेतून उठून बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १२० आहे, तो म्हणतो की प्रत्येक गाडीला सायलेन्सर पाहिजे आणि त्याने इंजिनातून सुटणाऱ्या धुराचा आवाज जमेल तेवढा कमी केला पाहिजे. पुढे असं की गाडी बनवताना पण आणि नंतर वापरताना पण आवाजाच्या मर्यादेत ठेवायची. ही मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत दिलीय, दुचाकीला ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, आणि १७५ च्या वर ८०. म्हणजे साडेतीनशे सीसीच्या बुलेटला ८०, आणि तुमची मोपेड जर हल्लीची शंभर सीसीवाली असेल तर तिला ७७. बघा, दोघांत फरक फक्त तीनचा! बुलेट आहे म्हणून कायद्याने काही वेगळी सूट दिलेली नाहीये, इंजिन मोठं म्हणून तीन डेसिबल जास्त दिलेत, बास.

आता हे ८० कसे मोजतात ते पण ऐका कारण इथेच लोक गंडतात. गाडी उभी करून सायलेन्सरला मोबाइल लावून मोजत नाहीत. मोकळा रस्ता, बाजूला भिंत नाही झाड नाही, गाडी ठरलेल्या वेगाने येते, एका रेषेवर पोचली की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा, आणि गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक ठेवलेला असतो तो जास्तीत जास्त आवाज टिपतो. पुण्यात वेताळ टेकडीवर जी एआरएआय आहे (पुणेकर टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात, संस्था मागे राहिली नाव टेकडीला चिकटलं) किंवा नगरची व्हीआरडीई, अशा संस्थांकडून मॉडेल पास करून घेतल्याशिवाय कंपनीला गाडी विकता येत नाही. आणि पास होते ती त्या सायलेन्सरसकट पास होते. तो काढून दुसरा लावला की ते पास होणं गेलंच.

दुकानदार सांगतात, "दादा हा एआरएआय अप्रूव्हड आहे, बिनधास्त लावा." त्यांना म्हणायचं, ह्याच मॉडेलच्या गाडीला हाच सायलेन्सर चालतो असा कागद दाखवा. मग बघा कसा चेहरा होतो. काही महागड्या सायलेन्सरवर गोलात ई आणि आकडा असा शिक्का असतो, तो युरोपातल्या नियमाचा, तिकडे बदली सायलेन्सरला मान्यता द्यायची वेगळी पद्धत आहे. त्या शिक्क्यावर साताऱ्यात काही सुटका होत नाही.

तर मग तो पोरगा नक्की काय करतो? सायलेन्सर म्हणजे नुसता पाइप नव्हे, आत खण असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेची लोकर भरलेली असते, धूर त्या खणांतून वळसे घेत जातो आणि त्याचा दणका तिथेच जिरतो. बाजारात जे 'इंदोरी' नाहीतर 'पंजाबी' म्हणून विकतात त्यात एक सरळसोट नळी, बाकी पोकळ. म्हणजे इंजिनात जो स्फोट होतो तो जवळजवळ तसाच तुमच्या खिडकीवर येतो. आणि फटाका ही त्याच्यावरची कला! चालत्या गाडीत बटण बंद करायचं, इंजिन फिरतच असतं, पेट्रोल आत येतं पण ठिणगी नाही, ते न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन साठतं, मग बटण चालू केलं की सगळं एकदम पेटतं. धडाम. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटवर हे सोपं होतं, नवीन गाड्यांत सेन्सर आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तिथे असले चाळे केले की न जळलेलं पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची जाळी भाजून निघते. बऱ्याचदा सायलेन्सर बदलताना तो कन्व्हर्टरच उडवून टाकतात, मग आवाज पण आणि धूर पण. पोराला कायद्याचं काही वाटणार नाही कदाचित, पण दीडदोन लाखाच्या गाडीचं इंजिन हळूहळू खराब होतंय हे कळलं तर वाटेल.

मी फार शहाणा होतो असं नाही बरं का. कॉलेजात असताना राजदूतच्या सायलेन्सरमधली बॅफलची, म्हणजे आवाज जिरवणारी आतली नळी मी स्वतः पान्याने ओढून काढली होती. तेव्हा वर्षातून एकदा सायलेन्सर काढून कॉस्टिक सोड्यात टाकायचा नाहीतर भट्टीत लाल करून आतला कार्बन जाळायचा असं असायचं, त्या निमित्ताने नळी बाहेर आली ती मी परत घातलीच नाही. चार दिवस राजा होतो. पाचव्या दिवशी समोरच्या आजींनी आमच्या वडिलांना फक्त एवढंच विचारलं की "तुमच्या गाडीचं काही मोडलंय का, दुरुस्तीला पैसे कमी पडत असतील तर सांगा." वडिलांनी संध्याकाळी नळी घालायला लावली, उभे राहून.

असो. दुसरा मुद्दा, "पावती भरलीय". हा तर सगळ्यात गंमतशीर. पावती भरली म्हणजे परवाना मिळाला असं लोकांना का वाटतं कोण जाणे. दंड त्या दिवशीच्या गुन्ह्याचा असतो, दुसऱ्या दिवशी तोच सायलेन्सर लावून बाहेर पडलं की नवा गुन्हा. वर आता पहिल्या वेळची नोंद ई-चलानात पडलेली असते, त्यामुळे पुढचा 'दुसऱ्यांदा' मध्ये मोजला जाऊ शकतो.

कलमं थोडी सांगतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा पण अर्ज लिहिताना परत इथेच यावं लागेल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्याच्या चौथ्या पोटकलमात असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या, सायलेन्सर एक, कर्कश हॉर्न दोन, असं. मग कलम १९० चं दुसरं पोटकलम, आवाज आणि हवा प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली किंवा चालवू दिली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन तीन महिने बाद. दुसऱ्यांदा कैद सहा महिन्यांपर्यंत. इथे "चालवू दिली" हे शब्द वडिलांसाठी आहेत, गाडी त्यांच्या नावावर असेल तर ते पण ह्यात येतात. आणि कलम १९४फ, सायलेन्सरला वळसा घालून धूर थेट बाहेर सोडणारं कटआउट वापरलं तर १,००० आणि दुसऱ्यांदा २,०००, विनाकारण हॉर्न बडवणारे पण ह्याच कलमात. हे सगळे कायद्यातले वरचे आकडे, रस्त्यावर पोलीस जी पावती फाडतात ती तडजोडीची रक्कम असते, ती राज्य सरकार कलम २०० खाली ठरवतं आणि ती ह्यापेक्षा कमी असू शकते, म्हणूनच काकांना ते एवढं स्वस्त वाटलं असेल. पण तडजोड न करता प्रकरण कोर्टात पाठवायचं ठरवलं तर वरचे आकडे लागू.

आणि हे काही नुसतं कागदावर नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल कलम ५२ खाली चालणार नाही. २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठाने तर कोणी याचिका न करताच बदललेल्या सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली होती. आपल्याकडे पण पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वर रोडरोलर फिरवतात ते फोटो तुम्ही पेपरात बघितले असतील. मला ते जरा तमाशाच वाटतो, त्याच्यापेक्षा बसवून देणाऱ्या दुकानांवर रोज चक्कर मारली तर जास्त फरक पडेल, पण ते राहू दे.

एक विचारायचं राहिलं. पोरगा कॉलेजला म्हणताय, म्हणजे अकरावी बारावी तर नाही ना? अठराच्या आत असेल तर विषयच बदलला. सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते, ती पण लायसन काढून. बुलेट दिली तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. तसं असेल तर काकांशी बोलताना सायलेन्सर आधी काढूच नका, हे काढा.

तिसरा, "पीयूसी आहे". पीयूसीवाला नळीत काडी घालतो आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन बघतो. आवाज मोजतच नाही. पीयूसीचा कागद फटाक्याच्या बाबतीत म्हणजे दातांच्या डॉक्टरने पाय बरा असल्याचं लिहून दिल्यासारखं.

आता चौथा. तुमची मोपेड.

इथे मी काकांच्या बाजूने आहे. नियम १२० मध्ये गाडी नुसती बनवताना नाही तर वापरताना पण नीट ठेवायची असं आहे, त्यामुळे "आम्ही काही मुद्दाम केलं नाही, गंजलाय" हे ऐकायला खरं असलं तरी कलम १९० च्या समोर पूर्ण बचाव होत नाही. फरक एवढाच की तुम्ही गाडीत बदल केलेला नाही, म्हणून कलम ५२ आणि ते प्रत्येक बदलामागे ५,००० तुम्हाला लागत नाही. कुठलाही शहाणा हवालदार गंजलेला सायलेन्सर आणि मुद्दाम पोकळ केलेला सायलेन्सर एका मापाने मोजणार नाही. पण ताई, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. त्याची साडेअकरा रात्रीत, तुमची साडेपाचही रात्रीतच. त्याच्या फटाक्याने तुमचा नातू उठतो तसं तुमच्या फटफटीने त्यांच्या घरात कोणी उठत असेल, आणि ते इतके दिवस बोलले नसतील.

दूधवाल्यांच्या गाड्यांचे सायलेन्सर लवकर का जातात ते सांगतो. पेट्रोल जळलं की वाफ पण तयार होते. गाडी लांब चालली तर सायलेन्सर चांगला तापून ती वाफ उडून जाते. दूध घालताना काय होतं, दोन घरं, बंद, पाच मिनिटं, परत चालू, परत बंद, सायलेन्सर नीट तापतच नाही, पाणी आतच साठतं, त्यात धुरातलं आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून क्रोम चकाचक दिसत असतो आणि खाली पोटाला, वेल्डिंगच्या कडेला भोक. कंपनी कुठलीही असू दे, असा वापर असला की हेच होणार.

यांना सांगा, इंजिन थंड असताना दोन गोष्टी बघा. सायलेन्सर इंजिनाला जिथे मिळतो तिथे दोन नट आणि आत एक पॅकिंग असतं, त्या सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर पॅकिंग गेलंय, निम्मी फटफट तिथूनच येत असणार आणि ते किरकोळ काम आहे. मग खालच्या बाजूने हात फिरवा, पत्रा दाबला जात असेल किंवा पापुद्रे येत असतील तर सायलेन्सर संपला. गॅरेजवाला वेल्डिंगचा ठिगळ मारून देतो म्हणेल, मारू दे, दोनतीन महिने निघतील, पण गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग शेजारीच नवीन भोक पाडतं हा माझा अनुभव. बदलायचाच झाला तर कंपनीचाच घ्या, डुप्लिकेट स्वस्त पडतो पण आत खण नीट नसतात, आणि गाडी एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ असेल तर मूळ सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर असतो तो डुप्लिकेटमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त, मग तुम्ही पण बदल केलेल्यांच्या यादीत. बिल मागून घ्या. सायलेन्सरचं बिल कोण सांभाळतं म्हणाल, तुम्ही सांभाळा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ५५-४५ चं काय? नियम खरा आहे पण तो तुमच्या भांडणात वापरू नका, हरायला होईल. राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्या परिसराची मर्यादा आहे, ती काही काळाच्या सरासरीवर मोजतात, एका गाडीच्या एका क्षणाच्या आवाजावर नाही. साधा हिशोब करा, कंपनीतून निघालेल्या, सगळं कायदेशीर असलेल्या बुलेटला साडेसात मीटरवर ८० पर्यंत परवानगी, मग ती गल्लीतून गेली की ४५ तर कधीच ओलांडणार. काकांनी हे कुठून वाचलं तर तुमचा मुद्दा तिथेच पडला. मोबाइलच्या अ‍ॅपवर ९५ आले १०० आले असे स्क्रीनशॉट लोक पाठवतात, त्याला पुरावा म्हणून फार वजन नाही, मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. हां, एक समजून घ्यायला चांगलं, डेसिबलचे आकडे आपल्या नेहमीच्या आकड्यांसारखे वाढत नाहीत. ८० चे ९० झाले म्हणजे थोडंसं वाढलं असं नव्हे, आवाजाची ताकद दहापट झाली आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो.

म्हणून माझं ऐका, डेसिबलवर भांडूच नका. बदलावर भांडा. डेसिबल सिद्ध करायला यंत्र लागतं, माणूस लागतो, तो पोरगा नेमका त्या वेळी यावा लागतो. सायलेन्सर बदललाय हे तर दिवसाढवळ्या उभ्या गाडीकडे बघून दिसतं, वाहतूक शाखेतल्या माणसाला लांबून कळतं.

अर्ज करायचा झाला तर जवळच्या पोलीस ठाण्यात आणि एक प्रत वाहतूक शाखेला. आपल्या मराठीत, एक पान, गाडीचा नंबर, कुठे, कोणत्या तारखांना किती वाजता, दहाबारा दिवस एका वहीत लिहून ठेवलेलं असलं तर फार उत्तम. "गाडीला मूळ सायलेन्सर नसून बदललेला आहे, कलम ५२, १८२अ(४) आणि १९०(२) खाली कार्यवाही व्हावी" एवढं एक वाक्य, आणि घरात रक्तदाबाच्या वृद्ध आहेत आणि लहान मूल आहे हे दुसरं. रस्त्यावर उभ्या गाडीचा, नंबर आणि सायलेन्सर दिसेल असा फोटो. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारीख. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं होतं, हे सांगायला नको. रात्री फारच झालं तर ११२ ला फोन करता येतो, पण गाडी येऊन दोन मिनिटांत बंद होत असेल तर ते येईपर्यंत गल्लीत शांतता असणार, त्यामुळे मी त्याच्यावर फार विसंबणार नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं सार्वजनिक उपद्रवाचं कलम २७० आणि शिक्षेचं २९२ पण आहे, १,००० रुपयांपर्यंत दंड, पण ते तुमच्यापुरतं कमीच पडतं, मोटार वाहन कायदा जास्त लागतो.

एक करू नका, त्या पोराचा व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. टाकला की तो हिरो होतो. ही पोरं फटाका तुमच्यासाठी फोडत नाहीत ताई, आपापसात कोणाचा किती मोठा ह्यासाठी फोडतात, तुम्ही फुकट जाहिरात करून द्याल.

आता अर्जाच्या आधी. तुमचे "हे" एकदा बोलून आले आणि दोन पुरुष माणसं एकमेकांच्या गाड्यांवर घसरली, ते होणारच होतं. दुसऱ्या वेळी तुम्ही जा, आणि वडिलांकडे नको, त्याच्या आईकडे जा. मोपेड दुरुस्त झाल्यावर. "वहिनी, आमच्या गाडीचा त्रास होत होता, आम्हाला लक्षातच आलं नाही, आता बदललाय सायलेन्सर, कालपासून आवाज येतो का सांगा." आधी एवढंच. मग सासूबाईंचं सांगा, नातवाचं सांगा, कायदा शेवटपर्यंत पिशवीतच राहू द्या. त्या माउलीला पण तो फटाका आवडत नसणार, तो घरी येईपर्यंत ती जागीच असते आणि आवाज आला की आधी हुश्श म्हणत असेल.

आणि एक त्यांना नक्की विचारा, मूळ सायलेन्सर कुठे आहे? माझ्या अंदाजाने माळ्यावर, पोत्यात गुंडाळून. ही पोरं मूळ सायलेन्सर बहुधा विकत नाहीत, गाडी विकताना लागतो म्हणून जपून ठेवतात. तो परत बसवायला गॅरेजवाल्याला तासभरही लागत नाही. पोराला पटवायचंच असेल तर हे सांगा की बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी बदलावर बोट ठेवून क्लेम लांबवू शकते, वॉरंटीचंही तेच, आणि सर्व्हिस सेंटरला चेक इंजिनचा दिवा घेऊन गेला तर ते पहिलं सायलेन्सरकडेच बघतात.

पंधरा दिवस द्या. तेवढ्यात नाही सुटलं तर मनात काही न आणता अर्ज करा, तुम्ही वाईट शेजारी होत नाही, तुमची गाडी तेव्हा गप्प असेल आणि बिल घरात असेल. काका "आधी तुमचं बघा" म्हणाले तर बिल दाखवायचं.

आणि जमलं तर मोपेड गॅरेजला न्यायच्या दिवशी यांनी त्या पोरालाच हाक मारावी, "अरे तुला गाड्यांमधलं कळतं, जरा येतोस का बरोबर, हा मला फसवेल." येईल तो, ह्या वयात असं कोणी बोलावलं की येतात. गॅरेजवाला जुना सायलेन्सर कापून आतले खण दाखवत असेल तर दाखवायला सांगा, पोराच्या समोर.

मोपेडचं काय झालं ते कळवा, आणि पॅकिंगच गेलं होतं की पत्रा, ते पण लिहा. माझी पैज पॅकिंगवर आहे.